न्हाणीचे पाणी, परसातली भाजी : हिंगोली जिल्ह्यातून एक फेरफटका

वाचकहो, आपण गावोगाव फिरतो तेव्हा देवळे पाहतो, धरणे पाहतो, बाजार पाहतो. घरांची मागची बाजू मात्र कोणी पाहायला जात नाही. खरे तर घराची कळा तिथेच कळते. पुढे ओटा सारवलेला, तुळशीवृंदावन रंगवलेले, आणि मागे न्हाणीचे पाणी उघड्यावर वाहून डबके साचलेले, हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. आज तुम्हांला हिंगोली जिल्ह्यात न्यायचे आहे ते या मागल्या दाराने.

हिंगोली हा मराठवाड्यातला सर्वांत धाकटा जिल्हा. १ मे १९९९ रोजी तो परभणीपासून वेगळा झाला. हिंगोली, वसमत, औंढा नागनाथ, कळमनुरी आणि सेनगाव असे पाच तालुके. उत्तरेला पैनगंगा, मधून कयाधू, दक्षिणेला पूर्णा. पाऊस वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सोलापूर-नगरच्या मानाने बराच म्हणायचा. पण तो जूनमध्ये येतो आणि सप्टेंबरअखेर पाठ फिरवतो. उरलेले आठ महिने साठवणीवर काढायचे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना हे सांगायला नको.

आता एक साधा हिशेब करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने माणशी दररोज निदान ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात असे सांगितले आहे. पाच माणसांच्या घराला रोज २ किलो, म्हणजे आठवड्याला १४ किलो. आपण आठवडी बाजारातून किती आणतो, ते आपापल्या पिशवीला विचारावे. बाजार झाला की दोन दिवस वांगी-टमाटे, मग पुढचा बाजार येईपर्यंत वरण, पिठले, नाहीतर ठेचा. शेतात पाच एकर सोयाबीन उभे, आणि ताटात पालेभाजीची काडी नाही! चैत्र-वैशाखात तर भाजीचे भाव ऐकूनच पिशवी घडी करून ठेवावी लागते. लेकुरवाळ्या बाईच्या आणि वाढत्या पोरांच्या अंगाला याची झळ आधी लागते.

यावर उपाय परसात आहे. त्याला नवे पाणी लागत नाही आणि दुकानातली बाटलीही लागत नाही. घर रोज जे पाणी टाकून देते आणि शेत दर हंगामाला जो पाला टाकून देते, त्या दोहोंची गाठ घालून दिली की झाले. कशी, ते वाटेत पाहत जाऊ.

वसमत : पाला जाळू नका

पूर्णा जंक्शनवरून अकोल्याकडे जाणारी गाडी धरा. ही लाईन पूर्वी मीटरगेज होती. २००८ साली ब्रॉडगेज झाली. पूर्णा सोडली की वसमतचा टापू लागतो. येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांचे पाणी कालव्याने इकडे फिरले, म्हणून ऊस, केळी आणि हळद ही इथली पिके. ‘वसमत हळदी’ला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. अक्षय्य तृतीया झाली की लागवडीची गडबड, आणि नऊ महिन्यांनी काढणी. आधी पाला कापायचा, मग कंद काढायचे, शिजवायचे, उन्हात वाळवायचे आणि ढोलात घालून चकाकी आणायची. माघ-फाल्गुनात या भागात आलात तर वाळत घातलेली हळद जागोजाग दिसेल आणि तिचा वास गाडीच्या खिडकीतून आत येईल.

हळद करणाऱ्याला गादीवाफा शिकवावा लागत नाही. काळी माती पावसात फुगते, पाणी धरून बसते आणि मुळांचा श्वास कोंडतो. म्हणून हळद उंच वाफ्यावर लावायची, हे त्याला ठाऊक असते. परसातही पावसाळ्यात तेच करावे. वाफा वीतभर उंच, दोन वाफ्यांमध्ये पाणी निघून जायला चर. उन्हाळ्यात मात्र याच्या उलट. वाफा जमिनीपेक्षा वीतभर खोल घ्यावा, म्हणजे दिलेले पाणी मुळाशी राहते आणि वारा रोपांना थेट लागत नाही. एकाच जागेत दोन ऋतूंना दोन तऱ्हा, एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मे काम झाले.

आता त्या पाल्याकडे पाहा. हळदीचा पाला, उसाचे पाचट, सोयाबीनचे भुस्कट, तुरीची गळालेली पाने. पुष्कळ ठिकाणी बांधावर याची होळी होते. काळ्या जमिनीचा स्वभाव असा, की ती वाळली की तडकते. भेगांतून खालची ओल उडून जाते आणि बारीक मुळे तुटतात. तोच पाला चार बोटे जाड अंथरला तर जमीन तडकत नाही, ओल टिकते, तण उगवत नाही, आणि पावसाळा संपता संपता त्याचे खत होऊन जाते. अंथरताना खोडाभोवती दोन-तीन बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर बुंधा कुजतो. रोगट पिकाचा पाला घेऊ नये. वाळवी दिसली तर पाला थोडा बाजूला सारून जागा उघडी करावी. डोक्यावरून दोन भारे परसात आणून टाकायचे, इतकाच काय तो खर्च.

पाण्याचा जमाखर्च

वसमतहून औंढ्याची एस.टी. धरेपर्यंत पाण्याचा हिशेब करून घेऊ. पाच माणसांच्या घरात आंघोळीला आणि भांड्यांना मिळून रोज १०० लिटर पाणी तरी सहज जाते. ते जाते कुठे? गल्लीत.

पाणी मोजायची एक सोपी युक्ती आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. भर उन्हाळ्यात हिरव्या वाफ्यातून दिवसाला ७ ते ८ मिलिमीटर पाणी हवेत उडते. म्हणजे १०० लिटरवर १२ ते १४ चौरस मीटर जागा हिरवी राहते. फुटात सांगायचे तर १० फूट बाय १५ फुटांचा वाफा. हिवाळ्यात ऊन कोवळे असते, म्हणून तेच पाणी जवळजवळ दुप्पट जागेला पुरते. पावसाळ्यात तर ओढ बसली तरच ते द्यावे लागते.

१० बाय १५ च्या वाफ्यातून सगळ्या घराची १४ किलो भाजी उन्हाळ्यात निघणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण तांदुळजा, चवळीचा पाला, कोथिंबीर, चार मिरच्या, कढीपत्ता आणि एक शेवगा एवढे त्यावर निभते. बाजार दोन दिवसांत संपत होता, तिथे ताटात रोज काहीतरी हिरवे पडू लागते.

पण सगळे सांडपाणी सारखे नसते. भांडी राखेने किंवा थोड्या साबणाने घासली असतील तर ते पाणी चालते. आंघोळीचेही चालते. कपडे धुण्याच्या पावडरीचे पहिले पाणी मात्र वाफ्यात सोडू नये. त्यात सोडियमचे क्षार असतात. आपली काळी माती आधीच चुनखडीची आणि विम्ल, त्यात हे क्षार साठले की माती चोपण होते, पाणी मुरत नाही. हे पाणी शोषखड्ड्यात जाऊ द्यावे. कपडे खळबळल्याचे शेवटचे पाणी झाडांना चालेल.

न्हाणीच्या तोंडाशी दोन फूट लांबीचा चर काढून त्यात खाली दगड-गोटे आणि वर वाळू भरा. पाणी त्यातून गाळून पुढे जाऊ द्या. पहिल्या टप्प्याला केळी, कर्दळ, अळू ही पाण्याची हावरी झाडे लावा. ती मळ पचवतात. तिथून पुढे शेवगा, कढीपत्ता, वांगी, मिरची. मुळा, गाजर, कोथिंबीर अशा कच्च्या खायच्या भाज्यांना सांडपाणी देऊ नये, त्यांना स्वच्छ पाणीच द्यावे. आणि पाणी जमिनीवर साचू देऊ नये. साचले की डास, आणि डासांमागे हिवताप-डेंग्यू.

पावसाच्या पाण्याचाही हिशेब असाच. ५०० चौरस फुटांच्या पत्र्यावर ८०० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-उडती वजा जाता २९ हजार लिटरच्या आसपास पाणी उतरते. ते सगळे साठवणे गरिबाला जमणार नाही. पण पन्हाळीखाली एक टाकी ठेवली आणि वाहून जाणारे पाणी परसातल्या झाडांच्या आळ्यांत वळवले, तर भोवतालची जमीन दिवाळीपर्यंत ओल धरून राहते.

औंढा नागनाथ : निर्माल्याचे सोने

औंढ्याला पोचलात की डोंगरांच्या कुशीत नागनाथाचे हेमाडपंती देऊळ दिसते. बारा ज्योतिर्लिंगांत याची गणना होते. नामदेवांना गुरू विसोबा खेचर भेटले ते इथेच, अशी परंपरा आहे. दर्शन घ्या, कोरीव काम पाहा. मग एक विचार करा: श्रावणात महादेवाला वाहिलेला बेल आणि फुले, पुढे त्याचे होते काय? गावोगावी ते आडात नाहीतर ओढ्यात जाते आणि पाणी नासते. मातीतून आलेले मातीला परत द्यावे, यात देवाचा अवमान नाही.

घरातही तसेच. भाजीची देठे, केळीच्या साली, चहाचा चोथा, गोठ्यातले उष्टे वैरण, देवाची फुले, सगळे एका जागी पडू द्या. झाडाच्या सावलीत तीन फूट लांब-रुंद आणि तितकाच खोल खड्डा घ्या. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते, तेव्हा जमिनीवरच ढीग करा. एक थर वाळलेल्या पाल्याचा, एक थर ओल्या कचऱ्याचा, त्यावर शेणकाला शिंपडून मूठभर माती. ओल किती असावी? मुठीत दाबले तर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. पंधरा-वीस दिवसांनी वरखाली करावे. तीन-चार महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत होते. त्याला घाण वास न येता पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. वास घाण आला तर ओल फार झाली असे समजून वाळला पाला मिसळावा.

जनावर दारात असेल तर पातळ खतही घरीच होते. १० लिटर पाण्यात अर्धा किलो ताजे शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळावे. दोन-तीन दिवसांत आंबले की दहापट पाण्यात मिसळून ओल्या जमिनीवर द्यावे. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी ‘जीवामृत’ या नावाने ही तऱ्हा देशभर नेली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कंपोस्ट मात्र हवेच. नुसत्या पातळ खतावर परस पोसत नाही.

हिंगोली : हिरवळ आणि हरळी

आता जिल्ह्याच्या गावी या. दसऱ्याच्या उत्सवासाठी हिंगोलीचे नाव दूरवर माहीत आहे, आणि चिंतामणी गणपतीला नवसाच्या मोदकांसाठी गर्दी लोटते. जिल्ह्याचे ठिकाण झाल्यापासून शहर वाढले, नव्या वसाहती झाल्या. शेतकऱ्याची शिकलेली पोरे नोकरीला लागून तिथे घरे बांधतात आणि हौसेने घरापुढे हिरवळ करतात. त्याला लॉन म्हणायचे.

हौसेला मोल नाही, हे खरे. पण १० बाय १५ फुटांच्या लॉनला उन्हाळ्यात रोज तेच १०० लिटर पाणी लागते, ज्यावर एका घराची पालेभाजी निघते. विकतच्या मऊ गवताचे लाड त्याहून निराळे. पाणी चुकले की पिवळे, सावली पडली की विरळ, मग खत घाला, औषध मारा.

हिरवळ हवीच असेल तर आपली हरळी काय वाईट आहे? शेतात आपण तिच्या काश्या खणता खणता थकतो आणि शहरात गवत विकत आणतो, याला काय म्हणावे! हरळी म्हणजेच दूर्वा. पाणी तुटले तर ती वरून वाळते, पण जमिनीतल्या काश्या जिवंत राहतात आणि मृगाची सर आली की पुन्हा हिरवी होते. तिला रोज पाणी शिंपडू नये. त्याने मुळे वरच राहतात आणि गवत आळशी होते. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, पहाटे किंवा दिवस मावळताना वीतभर ओल जाईल असे भरपूर पाणी द्यावे. कापताना दोन इंचांपेक्षा खाली कापू नये. उंच गवताची सावली आपल्याच मुळांवर पडते. कापलेले तुकडे तिथेच राहू द्यावेत, तेच तिचे खत. भाजीच्या वाफ्यात मात्र तिला शिरू देऊ नका. मध्ये फरशीचे तुकडे फूटभर खोल उभे गाडले म्हणजे ती हद्दीत राहते. चतुर्थीला दूर्वाही घरच्याच होतात.

नरसी : बियाणे आणि रानभाजी

हिंगोलीहून नरसीला जा. कयाधूकाठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, जन्म १२७०. त्यांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, म्हणून पंजाबातले भाविकही इथे येतात. नामदेवांच्याच काळात सोलापूर जिल्ह्यातल्या अरणला संत सावता माळी होऊन गेले. पंढरीची वाट न धरता त्यांनी आपल्या भाजीच्या मळ्यातच देव पाहिला. वारकऱ्यांच्या मुलखात परसाची प्रतिष्ठा केवढी जुनी आहे, हे यावरून कळावे.

चैत्रात कयाधूच्या काठी उभे राहिलात तर पात्रात पाण्यापेक्षा दगड-वाळूच फार दिसते. पण अशा दिवसांतही ओलसर जागी घोळ उगवते, चिवळ उगवते, तांदुळजा उगवतो. यांना कोणी खत घातलेले नसते. मग यांनाच परसात जागा का देऊ नये? तांदुळजा खुडला की पुन्हा फुटतो. अंबाडी एकदा टाकली की तीन-चार महिने पाला देते, आणि ज्वारीच्या भाकरीशी तिची जोडी तुम्हांला सांगायला नको. शेवग्याची फांदी लावली तर दुसऱ्या वर्षी शेंगा, आणि त्याचा पाला बारा महिने. हदगा, कढीपत्ता, कुंपणावर वाल. ही आपल्या हवेची माणसे आहेत. परक्या, नाजूक भाज्यांना जितके पाणी लागते, त्याच्या निम्म्यात ही निभावतात.

बियाण्याचे तसेच आहे. दुकानातल्या संकरित पाकिटाचे बी दुसऱ्या वर्षी धरले तर मूळच्यासारखे येत नाही. गावठी वाण धरता येतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घराभोवतीच्या जागेत वाल-घेवड्याचे आणि भाज्यांचे गावठी वाण जपले, घरातच बियाण्यांची बँक केली. त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. त्यांचे मोठेपण आपल्याला पेलेल न पेलेल, पण एका दोडक्याचे, एका भोपळ्याचे बी तर धरता येईल? वेलीवरचे पहिल्या बहराचे निरोगी फळ खुणेचा दोरा बांधून राखावे, पूर्ण वाळू द्यावे, बी काढून सावलीत सुकवावे आणि राखेत घोळून बरणीत ठेवावे.

सेनगाव : पुरलेले मडके

नरसीहून सेनगावच्या बाजूला सरकलात की माळरानाची, हलकी, मुरमाड जमीन अधिक दिसू लागते. इथे कालवा नाही. पाणी दिले की खाली निघून जाते. अशा जागी परसासाठी एक फार जुनी युक्ती आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चीनमधल्या फान शेंगझी यांच्या शेतीच्या पुस्तकात ती लिहिलेली आहे: जमिनीत मातीचे मडके पुरून त्यात पाणी भरायचे आणि भोवती वेल लावायचे.

पाच-सहा लिटरचे, न रंगवलेले, कच्च्या अंगाचे मडके घ्या. गळ्यापर्यंत जमिनीत पुरा, भोवती खत-माती दाबा, पाणी भरून तोंडावर परळ झाका. झाकण विसरू नका; नाहीतर डासही होतील आणि पाणीही उडेल. मडक्यापासून वीतभर अंतरावर दोडका, कारले, काकडी, टमाटे अशी चार रोपे लावा. मडके झिरपते; माती कोरडी झाली की जास्त, ओली असली की कमी. म्हणजे झाड आपल्या तहानेपुरतेच पाणी ओढते. दोन-तीन दिवसांनी एकदा मडके भरले की झाले. मुळे मडक्याला मिठी मारून बसतात.

जुने, वापरून बुजलेले मडके नीट झिरपत नाही. क्षारांनी त्याची छिद्रे बंद झालेली असतात. ते टाकून देऊ नका. बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घट्ट बसवा. वातीवाटे पाणी थेंब-थेंब उतरते.

कळमनुरी : बाटली उंबऱ्याच्या बाहेर

आता उलटे फिरून हिंगोलीवरून कळमनुरीच्या वाटेला लागा. या तालुक्यात तोंडापूर येथे जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे. परसबागेची माहिती हवी असेल तर तिथे जरूर विचारावी. गावातल्या बचत गटाच्या बायांकडे ‘उमेद’ अभियानातून पोषण परसबागेचे शिक्षण आलेले असते, त्यांनाही विचारावे.

इथे मला तुमच्याशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. परसातल्या वांग्यावर अळी दिसली की आपण काय करतो? शेतासाठी आणलेली, कापसावर मारून उरलेली बाटली असते. त्यातलेच टोपणभर पाण्यात घालून मारतो. चार दिवसांनी तेच वांगे चुलीवर. हे करू नका. कापसाचे औषध कापसासाठी असते. कापूस आपण खात नाही. मोनोक्रोटोफॉस हे जहाल औषध भाजीपाल्यावर वापरायला सरकारने २००५ सालीच मनाई केली, पण ‘थोडेसेच तर आहे’ म्हणून असली औषधे परसात शिरतात. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा, हिरवा. कोणताही रंग असो, ती बाटली उंबऱ्याच्या आत येऊ नये.

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. २०१३ च्या जुलैत बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेतले दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली; त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस उतरले होते. म्हणून सांगतो, औषधाचा रिकामा डबा धुऊन पाण्याला, तेलाला, रोपांना पाणी घालायला घेऊ नका. त्याला भोके पाडून निकामी करा. तणनाशकाचा पंपही परसात आणू नका. टू-फोर-डी या तणनाशकाचा नुसता अंश पंपात राहिला तरी टमाट्याची पाने आखडून जातात.

मग किडीला करायचे काय? पहिला उपाय म्हणजे डोळे. रोज सकाळी पानांच्या मागे पाहा. अंडी, अळ्या हाताने वेचा. १० बाय १५ च्या जागेला दहा मिनिटे लागतात, आणि पोरे हे काम आनंदाने करतात. दुसरा उपाय, गर्दी टाळा. एका वाफ्यात एकच भाजी लावू नका. वांग्याशेजारी कोथिंबीर, टमाट्याशेजारी झेंडू. झेंडूच्या फुलावर अळीची मादी अंडी घालते, आणि त्याच्या मुळांमुळे जमिनीतले सूत्रकृमीही कमी होतात. तिसरा उपाय, मित्र ओळखा. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा मावा खातो. त्याला कीड समजून मारू नका. मावा थोडा असेल तर सकाळच्या दवावर चाळलेली राख धुरळावी. भुरी दिसू लागली तर आंबट ताक पातळ करून शिंपडावे.

एवढ्याने भागले नाही तर कडुनिंब. मृगाच्या सरींबरोबर निंबोळ्या पिकून पडतात. त्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून पोत्यात भरून ठेवा. लागेल तेव्हा ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून, फडक्यात बांधून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी पुरचुंडी पिळून, गाळून, चिमूटभर साबणाचा चुरा घालून संध्याकाळी फवारा. उन्हात याचा गुण जातो, आणि करून ठेवलेले टिकत नाही. त्याच दिवशी वापरावे. कडुनिंबाने कीड तडकाफडकी मरत नाही, तिचे खाणे आणि वाढ थांबते. म्हणून दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली तर धीर सोडू नये. आठवड्याने पुन्हा फवारावे.

घरी परतताना

कळमनुरीवरून नांदेडचा रस्ता लागतो. त्या जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी घरोघर शोषखड्डे घेतले आणि गावातून वाहणारी गटारेच बंद करून टाकली. सांडपाणी जमिनीत मुरले, डास हटले, आणि ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ही तऱ्हा पुष्कळ गावांनी उचलली. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. मध्ये बाजूने भोके पाडलेली टाकी, भोवती दगड-गोटे. झाडांना देऊन उरलेले आणि साबणाचे पाणी त्यात सोडायचे.

आता तुमच्या घराकडे वळू. आज संध्याकाळी मागल्या दारी उभे राहून न्हाणीचे पाणी कुठे जाते ते पाहा. उद्या बादलीने मोजा. बांधावर पाला असेल तर त्याला काडी लावू नका, दोन भारे घरी आणा. १० बाय १५ फुटांची, दिवसातून निदान सहा तास ऊन पडणारी जागा आखा आणि कोंबड्या-शेळ्या शिरणार नाहीत असे काट्याचे कुंपण करा. मृगात भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारले. दसरा-दिवाळीला मेथी, पालक, मुळा, गाजर, टमाटे, लसूण. शिमगा झाला की तांदुळजा आणि कोथिंबीर, मांडवाच्या सावलीत. एका वेळी सगळा वाफा पेरू नका. दर आठवड्याला एक पट्टी पेरली तर खुडणीही आठवड्यागणिक चालू राहते.

आणि हे काम एकट्या घरधनिणीवर टाकू नका. पाण्याचा चर आणि शोषखड्डा पुरुषांनी खणावा, पाला त्यांनीच आणावा. अळ्या पोरांनी वेचाव्यात. बी म्हाताऱ्या आजीने धरावे. कोणत्या भोपळ्याचे धरायचे, हे तिच्याइतके घरात कोणाला कळत नाही.